हाताच्या मापाने बेतलेली क्यू

मीरा रोडच्या पूर्वेला हाटकेशच्या अंगाने निवासी इमारती आणि उद्योगनगराचे गाळे एकमेकांना खेटून उभे आहेत. काशीमिऱ्यापासून भाईंदरपर्यंतच्या या पट्ट्यात पूल आणि स्नूकरची पार्लरं आता वस्तीत शिरली आहेत आणि संध्याकाळी तिथे येणाऱ्या मुलांच्या दोन तऱ्हा सहज ओळखू येतात. एक जण रॅकमधली हाताला येईल ती क्यू, म्हणजे खेळायची काठी, उचलतो, टेबलावर लोळवून ती सरळ आहे का बघतो आणि खेळायला लागतो. दुसऱ्याच्या खांद्याला लांबट काळी पेटी असते. तो ती उघडतो, दोन तुकडे जोडतो, टोकावर खडू घासतो आणि आपली क्यू दुसऱ्या कोणाच्या हातात जाऊ देत नाही. त्या पेटीतली वस्तू कधी पाच-सहा हजारांची असते, कधी लाखाच्या घरातली. जगातले व्यावसायिक खेळाडू खास बनवून घेतलेल्या क्यू वापरतात, हे ऐकूनच ती घेतलेली असते. हे ऐकलेलं कितपत खरं आहे आणि बनवून घेतलेल्या क्यूमध्ये नेमकं काय मिळतं, हे नीट तपासायला हवं. या एका खरेदीत घरातले बरेच पैसे जातात, आणि त्यातले पुष्कळसे चुकीच्या ठिकाणी जातात.

आधी एक घोळ निस्तरू. बिलियर्ड्स, स्नूकर आणि पूल हे तीन खेळ एकाच छपराखाली चालतात, पण त्यांच्या क्यू सारख्या नाहीत. बिलियर्ड्स आणि स्नूकरचं टेबल १२ फूट बाय ६ फूट, चेंडू ५२.५ मिलिमीटरचे. पूलचं स्पर्धेचं टेबल ९ फुटी, चेंडू ५७.१५ मिलिमीटरचे, म्हणजे मोठे आणि जड. म्हणून स्नूकरच्या क्यूचं टोक साधारण साडेनऊ-दहा मिलिमीटरचं असतं आणि पूलच्या क्यूचं बारा-तेरा मिलिमीटरचं. स्नूकरची क्यू बहुधा ॲशच्या लाकडाची, टोकाला पितळी फेरूल, म्हणजे कडं, मुठीकडे काळी एबनी. पूलची क्यू मेपलची, फेरूल फिनॉलिकचं, मुठीवर लिननचा दोरा किंवा चामडं गुंडाळलेलं. पूलची क्यू बरोबर मध्यावर जोडलेली असते, स्नूकरची बहुतेक करून मुठीच्या बाजूला, तीन-चतुर्थांशावर. नियम मात्र दोन्हीकडे सैल आहेत. जागतिक पूल संघटना किमान लांबी ४० इंच, कमाल वजन २५ औंस आणि टोकाची कमाल रुंदी १४ मिलिमीटर एवढंच सांगते. स्नूकरमध्ये लांबी ३ फुटांहून कमी नको आणि पारंपरिक आकार सोडायचा नाही, इतकंच. या सैलपणामुळेच क्यूच्या कारागिरांना आपलं कसब दाखवायला एवढी मोकळीक मिळाली.

‘कस्टम क्यू’ची दंतकथा मुळात अमेरिकेची, आणि तिच्या केंद्रस्थानी जॉर्ज बालाबुश्का हे नाव आहे. १९१२ साली रशियात जन्मलेला हा माणूस १९२४ मध्ये कुटुंबासह अमेरिकेत आला आणि लाकूडकाम करून पोट भरू लागला. करवतीवरच्या अपघातात त्याचं एक बोट गेलं, तेव्हा त्याने त्या जागी बसेल असं लाकडी बोट स्वतःच कोरून बनवलं. १९५९ मध्ये त्याने मित्रांना नाताळची भेट म्हणून काही क्यू करून दिल्या. त्या खेळाडूंच्या हाती गेल्या आणि मागणी सुरू झाली. १९७५ मध्ये त्याचं निधन झालं, तोपर्यंत त्याच्या हातून हजाराच्या आसपास क्यू बाहेर पडल्या होत्या.

बालाबुश्काची थोरवी सांगताना एक गोष्ट बहुतेक वेळा गाळली जाते. क्यूचा सगळा दांडा तो मुळापासून घडवत नसे. मुठीकडच्या भागासाठी तो ब्रन्सविक कंपनीच्या ‘टायटलिस्ट’ क्यूचे तयार दांडे वापरी आणि पुढे गस झॅम्बोटी या दुसऱ्या कारागिराकडून ते घेऊ लागला. त्याचं कौशल्य जोडकामात, तोलात आणि अखेरच्या हातात होतं. मेपलचा कोणता तुकडा ठेवायचा आणि कोणता टाकायचा, पुढच्या दांड्याला निमुळतेपणा कुठून द्यायचा आणि कुठे थांबवायचा, जोडावर हवा शिरायलाही फट राहू नये इतकं नेमकं काम कसं करायचं, यात त्याचं नाव झालं. त्याच्या क्यूवर नक्षी फारशी नसे. आज त्याच्या नावाने ज्या महागड्या, चमचमत्या क्यूंची स्वप्नं रंगवली जातात, त्यांच्याशी त्याच्या साध्या कामाचं नातं फार लांबचं आहे.

ही दंतकथा घराघरांत पोचवली ती १९८६ च्या ‘द कलर ऑफ मनी’ या चित्रपटाने. मार्टिन स्कॉर्सेसीच्या या चित्रपटात पॉल न्यूमन टॉम क्रूझला एक बालाबुश्का भेट देतो. पडद्यावर दिसलेली क्यू मात्र बालाबुश्काची नव्हती, ती जॉस या कंपनीची होती. चित्रपटानंतर मूळ बालाबुश्कांच्या किमती चढत गेल्या, नकला निघाल्या आणि अस्सल-नक्कल ठरवणारे जाणकार तयार झाले. तेव्हापासून कस्टम क्यूचे दोन ग्राहक झाले. एक खेळणारा आणि दुसरा जमवणारा. शिंपल्याचं जडाव काम, चांदीच्या कड्या, दुर्मीळ लाकडांचे टोकदार पाचर, हे सगळं मुख्यतः दुसऱ्यासाठी होतं आणि अजूनही आहे.

खेळणाऱ्यांच्या आवडीचं एक ठळक उदाहरण लास व्हेगासच्या साउथवेस्ट क्यूंचं. जेरी फ्रँकलिनने १९८२ मध्ये सुरू केलेल्या या कारखान्यातून वर्षाला थोड्याच क्यू निघतात आणि नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागते. आशियातल्या पूल खेळाडूंमध्ये तिचा मोठा दबदबा आहे. तिची कीर्ती सजावटीवर उभी नाही. जोडाची रचना आणि चेंडूला लागल्यावर हातात येणारा भरीव ठोका, यांसाठी लोक थांबून राहतात.

आणि तरीही आजच्या पूलच्या मोठ्या स्पर्धा पाहिल्या, तर वेगळंच चित्र दिसतं. अव्वल खेळाडूंपैकी बहुतेकांच्या हातात कंपन्यांच्या क्यू असतात. प्रेडेटर, क्यूटेक, जपानची मेझ ही नावं त्यांच्या बाह्यांवरही दिसतात. अमेरिकेचा सर्वांत नावाजलेला खेळाडू शेन व्हॅन बोएनिंग कित्येक वर्षं क्यूटेक घेऊन खेळतो. यामागे प्रायोजकांचा पैसा आहे, हे उघड आहे. पण तेवढंच कारण नाही. अपघातात किंवा प्रवासात एक दांडा गेला, तर कंपनी तसाच दुसरा हातात देते. एकट्या कारागिराला आपलीच पहिली वस्तू दुसऱ्यांदा हुबेहूब करणं फार जड जातं, कारण दोन झाडांचं लाकूड सारखं नसतं. व्यावसायिक खेळाडूला सौंदर्यापेक्षा ही हुबेहूब पुनरावृत्ती जास्त मोलाची वाटते, आणि या सगळ्या प्रश्नाची किल्ली इथेच आहे. कस्टम क्यू म्हणजे उंची क्यू, ही समजूत चुकीची आहे. खेळाडूच्या शरीराशी आणि सवयीशी जुळलेली, आणि उद्याही तशीच राहील अशी क्यू, तीच खरी बेतून घेतलेली क्यू.

क्यूच्या वागण्यातलं काय मोजून आवरता येतं, हे कारखानदारांना उमगलं ते विज्ञानाच्या वाटेने. पांढऱ्या चेंडूच्या मध्यावर न मारता डावी-उजवीकडे मारून फिरकी दिली, की चेंडू क्यूच्या रेषेत न जाता किंचित उलट्या बाजूला सरकतो. अनुभवी खेळाडू नेम धरतानाच तेवढी भर घालतात. नव्वदच्या दशकात प्रेडेटर कंपनीने हा सरकाव मोजण्यासाठी ‘आयर्न विली’ नावाचं यंत्र वापरलं. १९९८ मध्ये बॉब ज्युएट, माइक शॅमॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिल इथे अतिवेगवान कॅमेऱ्याने फटक्यांचं चित्रण केलं. टोक आणि चेंडू यांचा स्पर्श सेकंदाच्या जेमतेम हजाराव्या भागापुरता टिकतो, हे त्यात स्पष्ट दिसलं. एवढ्या अल्प वेळात आडवा धक्का दांड्यात फार दूर जाऊ शकत नाही. म्हणून सरकाव ठरवतं ते टोकाकडच्या पंधरा-वीस सेंटिमीटरचं वजन. ते कमी केलं की सरकाव कमी. प्रेडेटरने दांड्याचं टोक आतून पोकळ केलं, फेरूल हलकं केलं, आणि पुढे कार्बन फायबरचे दांडे आणले. आज पूलच्या जगात काळे कार्बन दांडे सर्रास दिसतात.

यातून ग्राहकाच्या कामाची एक गोष्ट निघते. मुठीवर केलेल्या कुठल्याही जडाव कामाचा चेंडूच्या सरकण्याशी काहीही संबंध नाही. मूठ वजन देते, तोल ठरवते, तळहातात नीट बसते किंवा बसत नाही. हे महत्त्वाचं आहेच. पण हजारो रुपये ज्या नक्षीवर खर्च होतात ती पकडीच्या मागे-पुढे असते. खेळाडूची तिथे नजर जात नाही, बघणाऱ्याची जाते.

स्नूकर आणि बिलियर्ड्सची गोष्ट निराळी, कारण तिथे अजून हाताने घडवलेल्या लाकडी क्यूचंच राज्य आहे. लंडनच्या जॉन पॅरिस या कारागिराच्या क्यू विश्वविजेत्या स्टीव्ह डेव्हिसने वापरल्या, रॉनी ओसलिव्हनने वापरल्या. लिव्हरपूलची पेरेडन आणि रायली ही जुनी नावं. थायलंड आणि चीनमधले कारागीरही गेल्या काही दशकांत पुढे आले. ॲशच्या लाकडातल्या रेषा टोकाकडे बाणासारख्या उमटतात. खेळाडू नेम धरताना त्या बाणांकडे नकळत पाहतो, म्हणून कारागीर दांडा असा तासतो की ते बाण दांड्याच्या वरच्या अंगाला, सारख्या अंतरावर यावेत. एबनी आणि ॲश एकमेकांत चार पाचरांनी बसवतात. हे हाताने करायचं काम. घाई केली की पाचरांची टोकं वर-खाली होतात आणि जाणत्याला ती लगेच दिसतात. दांडा एकदम अखेरच्या मापाला आणत नाहीत. थोडं तासायचं, लाकडाला बसू द्यायचं, वाकतंय का ते बघायचं, मग पुन्हा थोडं. वाकलं तर तो दांडा गेला. चांगल्या कारागिराच्या किमतीत या फेकून दिलेल्या दांड्यांचाही वाटा असतो.

मागणी नोंदवताना खेळाडूला काय विचारतात तेही पाहण्यासारखं आहे. उंची आणि हाताची लांबी. क्यूची लांबी (५७-५८ इंच हे रूढ माप). वजन, साधारण १७ ते १९ औंस, म्हणजे ४८० ते ५४० ग्रॅम. तोल कुठे हवा. मूठ किती जाड. दांडा ताठ हवा की थोडा लवचीक. आणि बऱ्याचदा शेवटी येणारा प्रश्न असा असतो, की सध्याची क्यू पाठवता का? कारण नव्या क्यूकडून खेळाडूची खरी अपेक्षा ती जुनीसारखीच असावी, ही असते.

ही ओढ किती तीव्र असते, हे स्टीफन हेंड्रीच्या क्यूवरून समजतं. सात वेळा विश्वविजेता ठरलेल्या या स्कॉटिश खेळाडूची क्यू लहानपणी घरच्यांनी अवघ्या ४० पौंडांत घेतलेली होती. कुठल्याही अर्थाने ती खास बनवलेली नव्हती. तिच्यापेक्षा उत्तम क्यू कोणीही त्याला फुकट दिली असती, पण त्याने ती बदलली नाही. २००३ मध्ये थायलंडहून परतताना विमानाच्या सामानात ती मोडली. त्यानंतर नव्या क्यूने त्याने ब्रिटिश ओपन जिंकली, पण विश्वविजेतेपद पुन्हा मिळालं नाही. त्याचं खापर एकट्या क्यूवर फोडता येणार नाही, वय आणि नवे प्रतिस्पर्धी हेही होतेच. एवढं मात्र खरं, की सात जेतेपदांना महागडी क्यू लागली नाही.

उलट बाजूचीही उदाहरणं आहेत. क्यू अखंडच हवी, जोडाची नको, असा एके काळी दंडक होता. १९७७ मध्ये शेफील्डच्या क्रूसिबल नाट्यगृहात पहिल्यांदा विश्वस्पर्धा झाली, तेव्हा जॉन स्पेन्सरने दोन तुकड्यांच्या क्यूने ती जिंकली. तसं करणारा तो पहिला विश्वविजेता. ओसलिव्हनने गेल्या काही वर्षांत कित्येकदा क्यू बदलली आणि जानेवारी २०२५ मध्ये एका पराभवानंतर हातातली क्यू मोडून टाकली. म्हणजे एका क्यूशी आयुष्यभर एकनिष्ठ राहणं हाही काही नियम नव्हे.

भारतात, आणि विशेषतः मुंबई-पुण्यात, क्यूचा प्रवास क्लबांतून झाला. क्रिकेट क्लब ऑफ इंडिया, बॉम्बे जिमखाना, खार जिमखाना, वरळीचा एनएससीआय, पुण्याचा पूना क्लब अशा ठिकाणी टेबलं होती आणि टेबलासोबत ‘मार्कर’ असे. गुण मांडणारा, कापडावरून ब्रश फिरवणारा, इस्त्री करणारा, सभासदांच्या क्यूंची टिप, म्हणजे टोकावरचं चामडं, बदलणारा. या देशातला क्यूचा पहिला दुरुस्तीकार तोच. टिप चिकटवण्याचं, तिला गोलाई देण्याचं, फेरूलच्या कडेशी ती सारखी करण्याचं ज्ञान पिढ्यान्पिढ्या मार्करांच्या हातात राहिलं. त्याची नोंद फार कमी झाली. सभासदांच्या नावांचे फलक क्लबांच्या भिंतींवर सोनेरी अक्षरांत आहेत, आणि ज्यांनी त्यांच्या क्यू खेळायला लायक ठेवल्या त्यांची नावं बहुतेक ठिकाणी कुठेच नाहीत. ही उणीव भरून काढायला हवी.

या क्लबांनी घडवलेले खेळाडू लहान नव्हते. पुण्यात १९२२ साली जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये कलकत्त्यात बिलियर्ड्सचे हौशी विश्वविजेते झाले आणि १९६४ मध्ये न्यूझीलंडमध्ये पुन्हा झाले. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळातलं पहिलं विश्वविजेतेपद त्यांनी दिलं. मुंबईच्या मायकेल फरेरांनी १९७७, १९८१ आणि १९८३ मध्ये हेच पद मिळवलं. १९७८ च्या राष्ट्रीय स्पर्धेत त्यांनी एका डावात ११४९ गुण केले, आणि हजार ओलांडणारे ते पहिले हौशी खेळाडू ठरले. १९९२ मध्ये मुंबईत व्यावसायिक विश्वविजेतेपद मिळवताना अहमदाबादच्या गीत सेठींनी १२७६ चा ब्रेक, म्हणजे न चुकता सलग गुण, केला. हे आकडे क्यूच्या प्रश्नाशी थेट जोडलेले आहेत. बिलियर्ड्समध्ये एका कॅननचे (आपला चेंडू दुसऱ्या दोन्ही चेंडूंना लागला तर) दोन गुण, लाल चेंडू पॉट केला (खिशात घातला) किंवा त्यावरून इन-ऑफ झाला (आपला चेंडू खिशात गेला) तर तीन. या हिशेबाने ११४९ गुण म्हणजे न चुकता मारलेले चारशेच्या घरातले फटके. त्यातले कितीतरी इतके नाजूक, की चेंडू जेमतेम बोटभर सरकावा. इतक्या फटक्यांत क्यूने एकदाही वेगळं वागून चालत नाही. बिलियर्ड्सच्या खेळाडूला क्यूकडून ताकद नको असते, सारखेपणा हवा असतो.

पुण्यातच १९८५ साली जन्मलेल्या पंकज अडवाणींपुढे हा प्रश्न आणखी अवघड रूपात आला. बिलियर्ड्स आणि स्नूकर या दोन्हींत, एकाच हंगामात, विश्वपातळीवर खेळायचं आणि जिंकायचं. २०२४ पर्यंत त्यांच्या नावावर २८ विश्वविजेतेपदं जमा झाली. इंग्लंडमध्ये हे दोन खेळ केव्हाच वेगळे झाले. भारतीय खेळाडू मात्र अजून दोन्ही दगडांवर पाय ठेवतो. आदित्य मेहता, ज्यांनी २०१३ मध्ये कोलंबियातल्या वर्ल्ड गेम्समध्ये स्नूकरचं सुवर्ण आणलं, ध्रुव सितवाला, ज्यांनी बिलियर्ड्सचं आशियाई विजेतेपद मिळवलं, किंवा आज व्यावसायिक स्नूकर दौऱ्यावर खेळणारे ईशप्रीत सिंग चढ्ढा, ही मुंबईचीच अलीकडची नावं आहेत. यांतल्या कोणालाही क्यू घेऊन विमानात बसता येत नाही. केबिनमध्ये क्यूला बंदी असते, ती सामानात टाकावी लागते. म्हणून कठीण पेटीचा खर्च हा इथे चैनीत मोडत नाही.

आता लाकडाकडे येऊ. काळी एबनी ज्या वंशातली, त्याच डायोस्पायरॉस वंशातली टेंभुर्णी विदर्भाच्या जंगलात आहे. गोंदिया-गडचिरोलीत तिची पानं विडीसाठी तोडली जातात. क्यूच्या मुठीत वापरलं जाणारं रोजवूड म्हणजे आपल्याकडचा शिसव किंवा त्याचे भाऊबंद. २०१७ मध्ये या संपूर्ण वंशाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर दुर्मीळ वनस्पती-प्राण्यांसाठीच्या ‘साइट्स’ कराराची बंधनं आली. २०१९ मध्ये तयार वस्तूंना १० किलोपर्यंत सूट मिळाली, त्यामुळे एखादी क्यू मागवणाऱ्याला आता अडचण होऊ नये. पण पुढच्या दांड्याचं ॲश मात्र दूर, थंड प्रदेशातलं, आणि तेच संकटात आहे. अमेरिकेत २००२ मध्ये सापडलेल्या हिरव्या भुंगेऱ्याने ॲशची कोट्यवधी झाडं मारली. ब्रिटनमध्ये २०१२ पासून बुरशीचा रोग पसरतो आहे. सरळ रेषांचं, गाठ नसलेलं ॲश पुढच्या काळात महागच होईल. लाकडी क्यूवर प्रेम करणाऱ्यांनाही कार्बनच्या दांड्याकडे शत्रू म्हणून बघणं परवडणार नाही.

मीरा-भाईंदरसारख्या ठिकाणी लाकूड जगवणं हे स्वतंत्र काम आहे. एका बाजूला वसईची खाडी, मिठागरं, तिवरं, आणि जून ते सप्टेंबर हवेत पाणीच पाणी. क्यू दिवसा वातानुकूलित पार्लरमध्ये आणि रात्री दमट घरात राहिली, की लाकूड सतत फुगतं आणि आकसतं. महिनाभर भिंतीला तिरपी टेकवून ठेवलेली क्यू वाकते. गाडीच्या डिकीत तापलेल्या क्यूचा जोड सैल होतो. उपाय साधे आहेत. क्यू आडवी किंवा पूर्ण उभी, बंद पेटीत ठेवायची, आणि वर्षातून एक-दोनदा ॲशच्या दांड्याला जवसाच्या कच्च्या तेलाचा पुसट हात द्यायचा. दांडा ‘गुळगुळीत’ करायला पॉलिश पेपर वापरणं ही सर्वांत महाग पडणारी चूक. दर वेळी टोकाची जाडी कमी होते, आणि गेलेलं लाकूड परत येत नाही.

दुरुस्तीचा प्रश्न मात्र इतका सोपा नाही. धोबी तलावच्या दुकानांमुळे मुंबईच्या क्रिकेटपटूला बॅटची दुरुस्ती कधी परकी वाटली नाही, तसा आधार क्यूला उपनगरात मिळत नाही. फेरूल चिरलं, जोड हलायला लागला, की पेटी क्लबातल्या एखाद्या जुन्या मार्करकडे पाठवायची किंवा परदेशी पत्त्यावर. खरं तर पितळी फेरूल, जोडाचे आटे, लांबी वाढवायचा तुकडा ही सगळी टर्नरची कामं आहेत. स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांसाठी नावाजलेलं भाईंदर शेजारी आहे, हाटकेश उद्योगनगरासारख्या वसाहतीत लेथवर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाशी रोज झगडणारी माणसं आहेत, आयटीआयमधून टर्नरचा ट्रेड शिकून मुलं बाहेर पडत आहेत. लांब, बारीक लाकूड लेथवर थरथरतं, धातूसारखं वागत नाही. त्यासाठी वेगळा आधार आणि वेगळी धार लागते, आणि ते शिकायला वेळ लागतो. पण हे शिकता येतं. बालाबुश्काही मुळात लाकूडकाम करणारा कामगारच होता. राज्याच्या बिलियर्ड्स-स्नूकर संघटनेने आणि मोठ्या क्लबांनी जुन्या मार्करांना गुरू करून दुरुस्तीची शिबिरं घेतली, तर त्यातून दहा-बारा जाणते हात तयार होणं अवघड नाही. सुरुवात टिप आणि फेरूलपासून व्हावी, पूर्ण क्यू नंतर.

तोवर पेटी घेऊ पाहणाऱ्या मुलाने पैसे कोणत्या क्रमाने खर्च करावेत? पहिला खर्च टिपचा. चेंडूला लागतं ते फक्त चामडं. फ्रान्सच्या मिंगो या लष्करी अधिकाऱ्याने १८०७ च्या सुमारास क्यूला चामड्याचं टोक लावल्यावरच चेंडूला हवी तशी फिरकी देणं शक्य झालं. आज शिकागोच्या ट्वीटनची एल्क मास्टर ही साधी दाबलेली टिप अजून चालते, आणि जपानच्या कामुई-मूरीसारख्या थरांच्या टिपही मिळतात. स्वस्त क्यूला चांगली टिप नीट बसवली, तर महागड्या क्यूवरच्या वाकड्या टिपपेक्षा ती केव्हाही बरी खेळते. दुसरा खर्च सरळ दांड्याचा. तो टेबलावर लोळवून तपासू नये, कारण जोडातला किंवा निमुळतेपणातला किरकोळ फरकही लोळवल्यावर वाकडेपणासारखा दिसतो. मुठीकडून डोळा लावून, दांडा हळूहळू फिरवत पाहावं. तिसरी गोष्ट वजन आणि तोल. त्यासाठी मित्रांच्या चार क्यू मागून, प्रत्येकीने निदान आठवडाभर खेळावं आणि आकडे लिहून ठेवावेत. क्यू बनवून घ्यायची वेळ आलीच, तर कारागिराला द्यायला हेच आकडे लागतात. नक्षीचा नंबर या सगळ्यानंतर, आणि तोही हौसेपुरता.

नवी क्यू घरी आल्यावर जुनी लगेच विकू नये. दोन्ही घेऊन एकाच टेबलावर, एकाच जागेवरून, तोच सरळ पॉट पन्नास वेळा मारून पाहावा, आधी फिरकीशिवाय आणि मग फिरकी देऊन. फिरकीच्या पन्नासांत फरक दिसला तर तो पुढच्या दांड्याचा असतो, आणि केवळ नवा दांडा बहुतेक पूल क्यूंना पूर्ण क्यूपेक्षा पुष्कळ कमी पैशांत बसवून मिळतो. स्नूकरच्या क्यूत पुढचा दांडा असा सुटा बदलता येत नाही. तिथे मापं आधीच नीट घेतलेली असावी लागतात.